स्कॉलरशिपची तारीख आणि मी

३ सप्टेंबर
मयुरीच्या सरकारी स्कॉलरशिपचं मी बघतो, असं घरात जाहीर करून टाकलं. वीस वर्षं मार्केटात साड्यांच्या घड्या घातल्या, कॉलेजची पायरी कधी चढलो नाही. पण गोडादऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये माहितगार माणूस मीच! मोबाइलवर मेसेज आला होता – फॉर्मची शेवटची तारीख तीस. लगेच बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. वर पदरचं: "चौकशी केली आहे. निश्चिंत राहा. – भिकनभाऊ." चौकशी कुठली? चहा पीत होतो.

६ सप्टेंबर
मयुरी म्हणाली, "पप्पा, मी कॉलेजात विचारून येते ना." म्हटलं, त्यांना काय माहीत असणार. हे वाक्य मी खरंच बोललो.

१६ सप्टेंबर
मुदत कालच संपली. पंधरा होती. आधी सरकारवर चिडलो. मग मयुरी हळूच म्हणाली, "मी नऊलाच भरला फॉर्म. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." इतकं बरं वाटलं की दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तिसरी तोंडात असताना वरच्या मजल्यावरच्या सरलाबाई आठवल्या. नवरा नाही. घरी साड्यांना स्टोन चिकटवून लेकीला, कविताला शिकवतात. तिचं कॉलेज दुसरं. परवा जिन्यात विचारत होत्या, "भाऊ, तीस नक्की ना?" मी म्हटलं, "मी आहे ना."
बायको एवढंच म्हणाली – "तुमले कोनी इचारं व्हतं का?"

१७ सप्टेंबर
वर जाऊन सांगितलं. ग्रुपवर लिहून मोकळं व्हायचा विचार होता – भित्रा माणूस. सरलाबाई ओरडल्या नाहीत. हातातली साडी बाजूला ठेवली. "मग आता हिच्या कॉलेजचं काय, भाऊ?" कविता आतून बाहेर आली नाही. चहा आला. तो पिणं फार जड गेलं.

१८ सप्टेंबर
अर्धी रजा टाकून कविताबरोबर तिच्या कॉलेजात. खिडकीतल्या मालतीबेन गुजरातीत म्हणाल्या, "काका, आ तारीख तमने कोणे कही?" तारीख कोणी सांगितली? म्हटलं, सगळ्यांना मीच सांगितली. त्या म्हणाल्या, फॉर्म बंद आहे. मुदत वाढली तर सरकारी वेबसाइटवर दिसेल, इथे भिंतीवर लागेल. बाकी कोणाचं ऐकू नका. 'बाकी कोणाचं' म्हणताना माझ्याकडे बघितलं.
येताना रिक्षात कविता म्हणाली, "काका, मी मार्केटात कामाला लागते. आईला तुम्हीच सांगा." 'मी आहे ना' ओठांवर आलं होतं, ते गिळलं. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा.

२१ सप्टेंबर
कविताला चार दिवस थांब म्हटलंय. रोज चष्मा लावून वेबसाइट बघतो. काही नाही.
तारीख चुकीची सांगितली, असं ग्रुपवर लिहिलं. पहिल्यांदा लिहून पुसलं तेव्हा चूक सरकारची होती, दुसऱ्यांदा मोबाइलची. तिसऱ्यांदा माझी.

२४ सप्टेंबर
मुदत वाढली. दहा ऑक्टोबर. कोणाला कळवायच्या आधी कॉलेजात गेलो, भिंतीवरचा कागद दोनदा वाचला, मग कविताला फोन केला. मालतीबेननी समोर बसवून तिचा फॉर्म भरून घेतला. पोचपावती हातात आल्यावर पोरगी रडली. मी भिंतीकडे बघत राहिलो.

२५ सप्टेंबर
बिल्डिंगभर झालंय – भिकनभाऊ कॉलेजात गेले आणि तारीख वाढवून आणली! नाही म्हटलं की मला विनयशील म्हणतात. सकाळी दारात चार जण कागद घेऊन उभे. खालच्या गोपालला लाइटबिलाची तारीख वाढवून हवी आहे.