मेरीबाईंचा गुडघा आणि तुझं हॅल्सबी

पोलादपूर,
ता. १७ फेब्रुवारी १९६३

चिरंजीव मुरारी यास,

पोलादपूरच्या एस. टी. थांब्यासमोरच्या हॉटेलातून सयाजीमामाचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. तुझी आई, म्हणजे आमची राहीअक्का, उमरठला खुशाल आहे. तिचा खोकला गेला, तक्रारी राहिल्या. तुझी मामी म्हणते की पत्रात आधी तब्येत विचारावी आणि मग कामाचं लिहावं, म्हणून विचारतो: कशी आहे? तिकडे विलायतेत यंदा बर्फ फार पडलं असं पेपरात वाचलं. नाक-कान जागेवर असतील तर तसं कळव.

आता कामाचं. तुडीलच्या कोंडाजींची आवडी. मागल्या पत्रात तू लिहिलंस की लग्न करीन तर हिच्याशीच, नाहीतर हॅल्सबीच्या बसमध्ये तिकिटं फाडत म्हातारा होईन. वाक्य चांगलं आहे, पण नुसत्या वाक्यावर कोणी मुलगी देत नाही. कोंडाजींची हरकत नव्हती. कोंडाजींची कशालाच हरकत नसते. (त्या घरात हरकती घेण्याचं काम आवडीच्या आईकडे, तुळजाबाईंकडे आहे आणि त्या ते मन लावून करतात.) मुलगी द्यायची तर मुलीकडची माणसं आधी घर बघून जातात, ही आपली रीत तुला मी सांगायला नको. म्हणून मी हॉटेल तुझ्या मामीवर टाकून उमरठला गेलो आणि अक्काचं घर बघण्यासारखं करायला घेतलं. भिंतींना चुना लावला, अंगण सारवून घेतलं, गोठा रिकामा दिसू नये म्हणून शेजारच्या गोमाजीचे बैल आणून बांधले. गोमाजीने एकच चूक केली. बैलांना कसं वाटतंय ते बघायला तो स्वतः आला. मालकाचा आवाज ऐकल्याबरोबर दोघेही दावी तोडून त्याच्या मागे चालते झाले. जाता जाता एकाने ओल्या चुन्याला अंग घासलं, त्यामुळे उमरठमध्ये सध्या एक अर्धा पांढरा बैल फिरतो आहे आणि गोमाजी माझ्याशी बोलत नाही.

हे सगळं करून मी तुडीलला निरोप धाडला, तर तुळजाबाईंचा उलटा निरोप आला: “पोर उमरठला नांदनार नाय ना? मंग उमरठ बघून काय करू? जिथं ऱ्हायची ते गाव दाखवा.” आता सांग, बाईचं काय चुकलं? मी दोन दिवस चरफडलो, पण चूक सापडली नाही.

शेवटी हॅल्सबी दाखवायचा कार्यक्रम माझ्या हॉटेलात ठरला. महाबळेश्वरची गाडी गेल्यावर गिऱ्हाईक नसतं, त्या वेळी. कोंडाजी, तुळजाबाई आणि आवडी अशी तिघं आली. मी टेबल पुसून त्यावर तू पाठवलेलं रंगीत चित्राचं कार्ड मधोमध ठेवलं आणि पुढे भज्यांची बशी. कार्डावर तुमची ती घड्याळाची मोठी इमारत, समोर फरसबंद चौक आणि चौकात दगडी माणूस. कोंडाजींनी दगडी माणसाला नमस्कार केला. मी म्हटलं, हा देव नव्हे, याने तिथे पहिली गिरणी काढली. कोंडाजी म्हणाले, असू द्या, केला तो केला. तुळजाबाईंनी कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि विचारलं, “माणसं कुटं हायत?” खरंच की रे, त्या कार्डावर एक माणूस नाही! मी म्हटलं, रविवारचं चित्र आहे, रविवारी तिथे सगळं बंद असतं. तर म्हणाल्या, “मंग सोमवारचं दाखवा.”

सोमवारचं माझ्याकडे नव्हतं. तेव्हा मी तोंडाने सांगू लागलो, आणि खोटं बोलायचं नाही असं ठरवून सुरुवात केली, हे लक्षात ठेव. म्हटलं, घरात नळ आहे. बाईमाणसाला हंडा घेऊन कुठे जायला नको. मला वाटलं होतं की एवढ्यावर निम्मं काम होईल, पण तुळजाबाई म्हणाल्या, “मंग बाया बोलत्यात कुटं?” नळ घरात म्हणजे पाणवठा नाही, पाणवठा नाही म्हणजे कोणाची सून कशी वागते, कोणाकडे दुखणं आहे, कोणाकडे पाहुणा आहे हे कळायचं कसं? याचा विचार मी कधी केला नव्हता. (तू तरी केला होतास का?) वर कोंडाजींनी भजं खाताखाता विचारलं की ह्या थंडीत नळाला पाणी येतं का. तुझ्या पत्रात नळ गोठल्याचं होतं. मी खोटं बोलायचं नाही ठरवलेलं. म्हटलं, सध्या येत नाही. म्हणजे पाणवठाही नाही आणि पाणीही नाही.

मग मी चांगल्या गोष्टी बाहेर काढल्या. बस रिकामी असली तरी वेळेवर सुटते. आजारी पडलं तर दवाखाना फुकट. वाचनालयात बसच्या कंडक्टरलासुद्धा पुस्तक घरी न्यायला देतात. बाग आहे, बागेत फुलं आहेत आणि ती कोणी तोडत नाही. यावर तुळजाबाई म्हणाल्या, देवाला काय वाहत्यात? बसच्या रांगेत कोणी पोलीस नसतानाही माणसं एकामागे एक उभी राहतात, हे ऐकून कोंडाजींना आनंद झाला, पण महाडच्या स्टँडवर गाडीत चढताना गर्दीत त्यांचं धोतर नुकतंच फाटलं होतं, तेव्हा तो आनंद खासगी धरावा लागेल. नदी आहे म्हटलं, तर काठावर धुणं धुता येतं का, असं विचारलं. नाही, गिरण्यांमुळे पाणी काळं आहे. चूल कशाची? कोळशाची, पोती घरपोच येतात. धूर? आहे, भरपूर आहे, अख्ख्या गावाला मिळून एकच धूर आहे. आणि मग माझ्या तोंडून ते स्मशानाचं निघालं. तू लिहिलं होतंस ना की चर्चजवळच्या कबरींमध्ये बाकं टाकली आहेत आणि दुपारी कचेरीतली माणसं तिथे बसून भाकरी खातात? मी ते बागेच्या ओघात सांगून टाकलं. तुळजाबाईंनी हातातलं भजं बशीत परत ठेवलं.

मुरारी, मी हॉटेल चालवतो आणि गावाबद्दल माझं एक मत आहे. नळ, धूर, नदी, घड्याळ ह्या सगळ्या नंतरच्या गोष्टी. परका माणूस गाडीतून उतरला की त्याला “कुठून आलात?” असं विचारणारं कोणी भेटलं तर ते गाव राहण्यासारखं. माझ्याकडे अट्टल चोर जरी आला तरी मी आधी त्याला हे विचारतो, मग चहा देतो, मग गल्ल्याकडे बघतो. तू मागे एका पत्रात लिहिलं होतंस की खोली बघायला गेलास की दारातल्या बाया तुझ्या तोंडाकडे बघून “आत्ताच गेली” म्हणत, आणि पाटी मात्र खिडकीत तशीच असे. आणि दोन वर्षांत तू कुठून आलास हे कोणी विचारलं नाही, परत कधी जाणार हे मात्र विचारलं. तू ते गमतीने लिहिलंस. मी ते पत्र अक्काला वाचून दाखवताना तेवढं गाळलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, हे तुला आज सांगतो.

आणि तुळजाबाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. आवडीकडे बघत त्या म्हणाल्या, “सयाजीभाऊ, नळाचं ऱ्हाऊ द्या. धुराचं ऱ्हाऊ द्या. माजी पोर तापानं पडली, आनि ह्ये कामावर गेलं, तर दाराशी कोन येईल तेवडं सांगा. येक मानूस सांगा. मंग मी न्हाय म्हननार नाय.”

एक माणूस! तुझ्या सगळ्या पत्रांत मी मनातल्या मनात शोध घेतला. बसचा ड्रायव्हर आहे, तो हवेबद्दल बोलतो. घरमालकीण आहे, ती जिन्यावरच्या दिव्याबद्दल बोलते. बाकी कोणी नाही. आवडी खाली बघत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. कोंडाजी भजी खायचे थांबले होते. तेव्हा खोटं बोलायचं नाही हे जे मी ठरवलं होतं ते मोडलं, आणि मोडायचंच तर नीट मोडलं. म्हटलं, आहे की! शेजारची मेरीबाई. (इंग्रज बायकांची दोनच नावं मला ठाऊक, त्यातलं एक राणीचं. राणी तुझ्या शेजारी राहते म्हटलं असतं तर जरा जास्त झालं असतं.) मेरीबाई वयस्कर आहे, विधवा आहे, मुलगा दूर देशी असतो. मुरारीला ताप आला तेव्हा तिने त्यांच्याकडची पातळ पेज करून आणली आणि तो संपवीपर्यंत समोरून हलली नाही. बर्फात तिला घराबाहेर पडवत नाही, तर मुरारी तिचा कोळसा आत आणून देतो. का पडवत नाही? गुडघा दुखतो. कुठला? उजवा. मी इतका सुरळीत बोलत होतो की मला स्वतःला त्या म्हातारीची काळजी वाटू लागली. मामी आत भांडी घासत होती, ती घासायची थांबली, तेव्हा मी थांबलो.

तुळजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, “येक हाय म्हंजे झालं. येकीवरून धा व्हतील.” आणि बशीतलं भजं उचलून खाल्लं. वैशाखातली तारीख धरायची ठरली. अक्काला कळवलं, तिने देवापुढे साखर ठेवली. तू रजेचा अर्ज टाक आणि बोटीचं बघ. तुझं मनासारखं झालं, माझंही ओझं उतरलं. सर्व मंडळींचे आशीर्वाद.

तुझा मामा,
सयाजी

ता. क. ओझं उतरलेलं नाही. तुळजाबाईंनी मेरीबाईंसाठी बोचकं पाठवलं आहे: गुडघ्याला चोळायला करंजाचं तेल, कुळथाचं पीठ, आमसुलं आणि जुन्या मऊ लुगड्यांची एक गोधडी. (विधवा म्हटल्यामुळे खण-नारळ वाचले, एवढं तरी भान मला राहिलं.) हे सगळं बोटीच्या टपालाने निघालं आहे, पत्र विमानाने येतंय, म्हणजे मधले काही आठवडे तुझ्या हाती आहेत. तेवढ्यात मेरीबाई शोध. डावीकडची की उजवीकडची हे मी सांगितलेलं नाही, तेवढी मोकळीक तुला आहे. नाव दुसरं असलं तर मी बघून घेईन. गुडघा ठणठणीत असला तरी तेल दे. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं, बाकी सगळी प्रस्तावना होती.

दुसरा ता. क. मामी म्हणते की खरं ते सगळं लिहा, म्हणून लिहितो. बोचकं द्यायला कोंडाजींबरोबर आवडी आली होती. कोंडाजी थांब्यावर गाडीची चौकशी करायला गेले तेवढ्यात ती मला म्हणाली, “मामा, ती बाय नाय ना?” मी कपबशा मोजायला लागलो. ती म्हणाली, “आयेला नका सांगू. मी येनार हाय, बाय असो नसो. पन त्यांना लिवा, मी येईस्तवर येक तरी दार ठोकून ठेवा म्हनावं. दोन वर्सं येकटं ऱ्हायले ते ऱ्हायले.” नंतर गाडी आली आणि ती गेली. तू आधी दार ठोक, रजेचा अर्ज मग टाकलास तरी चालेल.