एकच रिंग

मंगळवार, ४ जून
आमच्या चौथीच्या वर्गाचा आवाज पहाटेपासून कानात आहे. आम्ही मुलांनी कवितेची एक ओळ म्हणायची, मुलींच्या बाकांवरून पुढची यायची. त्यात हिचा आवाज सगळ्यांत वरचा, जरासा किनरा. पुढे तो जन्मभर घरातच राहिला!

ही परदेशी चिरंजीवांकडे गेली तेव्हा तसाच करार केला. सकाळी मी एक रिंग देऊन ठेवून द्यायचं, मग तिची एक यायची. उचलायचं कुणीच नाही, म्हणजे पैसा पडत नाही. आणि ती ठीक आहे एवढं मला कळतं.

आज माझी ओळ गेली. पुढची आलीच नाही.

बुधवार, ५ जून
फोन बंद! गेल्या वर्षीच तिला हृदयाचा झटका येऊन गेलाय. तो बंद फोन ऐकत दिवस काढला.

शुक्रवार, ७ जून
खालच्या शिंप्याच्या मोबाइलवर चिरंजीवांचा निरोप — आई मजेत आहे. तिच्या फोननं रात्रभर आपलं आपण इंटरनेट ओढलं, डोळे पांढरे करणारं रोमिंगचं बिल आलं, म्हणून सिमच काढून कपाटात ठेवलं!

अरे शहाण्या, इंटरनेट बंद करायचं एक बटण असतं. तेवढं दाबायचं, सिम राहू द्यायचं! उंदीर शिरला म्हणून घर पेटवणारे हे इंजिनिअर!

वर सल्ला — शिंपीकाकांच्या फोनवरून बोला, फुकट आहे. फुकट! गिऱ्हाइकांच्या देखत, ब्लाउजांच्या ढिगात उभं राहून बायकोशी काय बोलू? हवापाणी?

शनिवार, ८ जून
शिंपी फोन घेऊन वर आला. पडद्यावर ही. मी पाठ फिरवली. जिना उतरताना तो तिला सांगत होता, "काकू, काका फार रागावलेत. खाणावळीचा डबासुद्धा तसाच परत जातोय."

चोंबडा!

मंगळवार, ११ जून
तिला परतायला अजून दोन महिने. रोज सकाळी बंद फोनला रिंग देतो. खोड जात नाही. रागही जात नाही.

रविवार, १६ जून
आज फोन वाजला. धावलो तोवर तुटला. पाहतो तर तिचा नंबर! एकच रिंग.

लगेच दाराची बेल. उघडलं तर ही — पायाशी बॅग, हातात फोन, जिना चढून लागलेली धाप.

म्हणाली, "उचलला नाहीत ना?"