मिरजेचा कॉल मद्रासमार्गे

बेंगळूर, मंगळवार, जुलै १९६२

आज संध्याकाळी टेलिफोन एक्स्चेंजमधून मिरजेसाठी नेहमीची बेळगावची लाइन मिळेना. कुणा कुलकर्ण्यांचा मिरजेचा कॉल मग मी मद्रासला दिला, मद्रासने मुंबईला, मुंबईने मिरजेला. लांबून का होईना, लागला. पण त्यांच्या आईचा आवाज मला जेमतेम ऐकू येई, कुलकर्ण्यांना मुळीच नाही. म्हणून मधे मीच निरोप सांगत होते.

कुलकर्णी म्हणाले, “इकडे राहायला येतेस का, विचारा तिला.”

म्हातारी म्हणाली, “बोलावतोय, की नुसतं विचारतोय?”

मी तसंच सांगितलं. माझं काय जातं त्यात? तरी तो प्रश्न अजून कानात आहे.

मग ते म्हणाले, “बोलावतोय म्हणा.”

मी ‘बोलावतोय’ एवढंच पुढे सांगितलं.

“येते,” म्हणाली.