मुलींच्या कबड्डीला नेलेला कॅमेरा

बाबूजी, मागच्या जानेवारीत मी कॅमेऱ्याची मोठी लेन्स डब्याच्या पिशवीत लपवून मुलींच्या कबड्डीला नेली, आणि त्यात एका पोरीचा खेळ सुटला. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. बरंच काही तुमच्याशिवाय निभावलं. हे निभत नाही, म्हणून लिहायला बसले.

आमगावचा आपला स्टुडिओ अजून चालतो. चालतो म्हणजे पासपोर्टचे फोटो, शाळेचे अर्ज आणि झेरॉक्स. लग्नाचं काम आता गोंदियाची पोरं ड्रोन उडवत येतात, तीच घेऊन जातात. समोरचा पानठेलेवाला रस्ता सांगताना ‘वो झेरॉक्सवाली दीदी’ म्हणतो. तो चांगला माणूस आहे, पण मला ते लागायचं. दिवाळीत मी नवा कॅमेरा घेतला, लेन्स काढता-घालता येणारा, आणि त्याला लांबचं जवळ आणणारी एक मोठी लेन्स. घेतला आणि काढायला काहीच नाही. टेबलावर ठेवून रोज पुसायचे. मग कळलं, जिल्ह्याभरच्या मुलींचे कबड्डीचे सामने आपल्याकडे होऊन राहिले आहेत.

पहिल्या दिवशी मी नुसती बघून आले. फाटकावर कापडी फलक होता: लेन्स बदलता येणारे कॅमेरे आत आणू नयेत, मोबाईलवर फक्त आपल्या घरच्या मुलीचा फोटो काढावा. खाली खुर्ची टाकून मुलींच्या खेळाच्या मॅडम बसल्या होत्या. पुरुषांच्या पिशव्या उघडून बघत, बायकांच्या वरूनच चाचपत. आदल्या वर्षी कुणीतरी लांबून मुलींचे नको तसे फोटो काढून ते मोबाईलवर फिरवले होते, त्यापायी हा नियम, हे मला तिथंच कळलं. म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पण मी मनाशी म्हटलं, हा नियम त्या तसल्या माणसांसाठी. मी बाई आहे. बाबूजींच्या हाताखाली शिकलेली आहे. दुसऱ्या दिवशी लेन्स दुपट्ट्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवली, कॅमेरा पर्समध्ये.

‘डब्बा का?’ मॅडमनी पिशवीवर हात ठेवून विचारलं.

‘हो, डब्बा,’ मी म्हटलं.

मैदानाच्या पार मागच्या कोपऱ्यात बाया बसल्या होत्या, त्यांच्यात जाऊन बसले. दुपारचं तिरपं ऊन, धूळ उडते आहे, आणि एक पोरगी चढाईला येते. सतरा-अठराची असेल. तिला चौघी धरतात, ती खाली पडते, तरी चौघींना ओढत ती मधल्या रेषेकडे हात लांबवते. गालाला माती, तोंड उघडं, श्वास अजून सोडलेला नाही. मी एकच फोटो काढला. काढताच मला कळलं की असा फोटो माझ्याकडून आजवर झाला नव्हता. पुढं काय झालं ते मी पाहिलंच नाही. मान खाली घालून पडद्यावर तोच बघत बसले. संध्याकाळी तो स्टुडिओच्या नावानं मोबाईलवर टाकला, खाली लिहिलं, ‘आपल्या जिल्ह्याची वाघीण’. लोकांनी वाहवा केली. पानठेलेवाल्यानंही केली. तीन दिवस मी फार खुशीत होते, बाबूजी.

चौथ्या दिवशी एक बाई स्टुडिओत आली. गोंदियाजवळच्या मुर्री गावची. दारातच उभी राहून म्हणाली, ‘कबड्डीचा फोटो तूच काढली का व?’

मला वाटलं, कॉपी मागायला आली. मी हसून खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

‘पोरगी माही हाये,’ ती म्हणाली. ‘शिवनक्लासले जाते म्हनून घरी सांगत होतो आमी. मले ठाऊक होतं, दुसऱ्या कोनाले नाई. तिचा बाप नाई, घर काकाच्या हाती हाये. त्याच्या मोबाईलात कोनंतरी फोटो धाडला, अन् खाली लिवलं, पाहा तुमची पोरगी अर्ध्या चड्डीवर.’

मी घाईघाईनं मोबाईल काढला. ‘आत्ता काढून टाकते, मावशी.’

‘तुह्यातून काढशीन. लोकाइच्यातून कशी काढशीन?’

मी काहीतरी बोलले. फोटोत वाईट काही नव्हतं, मी बाई आहे, मला वाटलं चालेल, असलंच.

‘बाईनं काढला म्हनून फोटो अलग निंगते का व?’ ती म्हणाली. ‘फाटकावर लिवलं होतं न, कॅमेरा आनू नोका म्हनून? मंग आनली कायले?’

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं सरळ विचारलं. मग गेली.

त्या दिवशी मला तुमचा एक दिवस आठवला. मी आठवी-नववीत असेन. एक कुटुंब मुलीला स्थळाकडे पाठवायच्या फोटोसाठी घेऊन आलं होतं. ती स्टुलावर बसली आहे, नवी साडी, आणि नजर काही केल्या वर करत नाही. तिचा भाऊ दरडावतो, ‘वर पाह्य न!’ तुम्ही कॅमेऱ्यामागून बाहेर येता, दिव्याजवळ जाता, काहीतरी खुडबुड करता आणि म्हणता, ‘बल्ब गेला, भाऊ. उद्या या.’ ते गेल्यावर मी म्हटलं, बाबूजी, बल्ब तर चांगला आहे. तुम्ही म्हणालात, ‘बल्ब चांगला हाये. पोरगी रडून राहिली होती, तुले दिसली नाई का?’ मला खरंच दिसली नव्हती. मी तिच्या साडीवरचा उजेड बघत होते. तुम्ही माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलंत, आणि मग मला आत पाणी आणायला पाठवलंत.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेले आणि पिशवीत काय होतं ते सांगितलं. त्या पोरींच्या वह्या तपासत होत्या. पेन खाली ठेवून म्हणाल्या, ‘मी घरोघरी फिरले होते. फोटो निघणार नाही, माझी जबाबदारी, असं एकेका घरी, कुठं नुसत्या आईलाच, सांगून पोरी मैदानात आणल्या. आता आणखी दोन घरांनी पाठवणं बंद केलं.’ मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘माझी कशाला मागता?’

म्हणून मी मुर्रीला गेले. गोंदियापर्यंत गाडीनं, पुढं ऑटोनं. काका अंगणात धानाची पोती शिवत होता. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, ‘तुमी लिखे-पढे लोक. फोटो काढून मोकळे. गावात चालाचं आमाले हाये. पोरगी आता नाई खेलत. जा तुमी.’ त्याच्या आवाजात राग कमी होता, लाजच जास्त होती. मी वळले.

कोपऱ्यावर पोचले तर मागून चपलांचा आवाज. तीच पोरगी, हातात रिकामी बादली, पाण्याच्या निमित्तानं निघालेली. फोटोतल्यापेक्षा लहान दिसत होती. मी बोलायला तोंड उघडलं, पण तिला माफी नको होती.

‘दीदी,’ ती धापा टाकत म्हणाली, ‘एक विचारू? तुमी फोटो काढला तवा पंचानं मले आउट देल्लन. आमी एका पॉइंटनं हारलो. सगळ्या पोरी म्हन्तेत माही चुकी. पन मले वाटते, माहं बोट रेषेले लागलं होतं. तुमच्या फोटोत दिसते का?’

मी म्हटलं, ‘फोटो पुसून टाकला गं. मोबाईलमधून, कॅमेऱ्यातून, सगळीकडून.’

तिनं मान हलवली. ‘बरं केलं,’ म्हणाली, आणि बादली घेऊन गेली.

हे कागद तुमच्या कपाटात ठेवून देईन, दुसरं कुठं पाठवणार. पण तुम्हाला खरं सांगते. कॅमेऱ्यातला फोटो मी पुसलेला नाही. त्या दिवशी घरी येऊन तो मोठा करून पाहिला. बोट रेषेला लागलं आहे, बाबूजी. स्वच्छ दिसतं.