एक दिवस आधीचा बिल्ला

बाबा, गेला आठवडाभर मी तुमच्यावर चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुम्ही मला असं चिडवू शकता, याचा तर आणखीनच राग येतो आहे. कारण ऐका. इथं बहारीनमध्ये, मनामात एक प्रदर्शन भरतं आहे. या बेटावरच्या लोकांनी घरोघरी जपून ठेवलेल्या बारीकसारीक आठवणींच्या वस्तूंचं. हॉटेलांच्या काडेपेट्या, कीचेन, दुकानांच्या पिशव्या, आणि बिल्ले. बिल्ले म्हटल्यावर मी घरी थांबतेय होय? कपाटावरचा तुमचा निळा बिस्किटांचा डबा काढला, धूळ पुसली आणि ऑफिसातून अर्धा दिवस रजा घेऊन निघाले. प्रदर्शन मांडणाऱ्या बाई बहारीनी, माझ्याच वयाच्या. त्यांनी हातात पांढरे मोजे घातले आणि एकेक बिल्ला मऊ कापडावर असा ठेवला की तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता. हा शाळेच्या क्रीडादिनाचा, हा बँकेच्या नव्या शाखेचा, हा राष्ट्रीय दिनाचा, हा झल्लाकच्या त्या समुद्रकाठच्या हॉटेलाचा. बाई खुशीत होत्या, मी तर हवेतच होते. मग त्यांनी भिंतीवर लावायच्या पाटीचा नमुना माझ्यापुढे सरकवला. त्यावर प्रत्येक बिल्ल्यापुढे एकच गोष्ट छापली होती. उत्पादक: अज्ञात.

अज्ञात! ज्या माणसाने अर्ध्या बेटाच्या छातीवर काही ना काही टोचलं, तो अज्ञात! मी म्हटलं, हे सगळे माझ्या वडिलांनी बनवले आहेत, मीना सलमान बंदरावर त्यांचा कारखाना होता. बाई वाईट नाहीत हो. त्यांनी मान डोलावली आणि लाडाने म्हणाल्या, "हबीब्ती, इथं येणारा प्रत्येकजण काहीतरी सांगतो, आणि मला सगळ्यांचं खरंच वाटतं. पण पाटीवर लिहायला पुरावा हवा." मग त्यांनी एक बिल्ला उलटा केला आणि त्याच्या कडेवर बोट फिरवलं. पूर्वीपासून बिल्ले बनवणारे तिथे बारीक अक्षरांत आपलं नाव घालत, नाहीतर पाठीत कागदाची चकती बसवून तिच्यावर छापत. परदेशातले जुने निवडणुकीचे बिल्ले, जत्रांचे, साबणाच्या जाहिरातींचे, आज संग्राहक त्या नावांवरूनच ओळखतात, असं त्या मला समजावत होत्या. हे सगळं मला पाठ होतं. तुम्हीच शिकवलं होतं. म्हणजे तुम्हाला माहीत होतं, बाबा! कडेवर नाव घालतात हे पक्कं माहीत असून तुम्ही तुमच्या सगळ्या बिल्ल्यांच्या कडा कोऱ्या ठेवल्यात. "पुरावा मिळाला तर आणा," बाई म्हणाल्या. "गुरुवारी पाट्या छापायला जातात. त्यानंतर खलास."

त्या कोऱ्या कडांवरून मी एकदा तुमची बोलणी खाल्ली आहेत, ती तुम्ही विसरला असाल. मी नाही. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी आहे, नईम भागातल्या आपल्या घरात एसी बंद पडला आहे, म्हणून तुम्ही मला कारखान्यात नेता. कारखाना कसला, जहाजांना सामान पुरवणाऱ्या गोदामाच्या पाठीमागची एक पत्र्याची खोली. डिझेलचा वास, खारी हवा, आणि मधोमध तुमचा तो दांड्याचा प्रेस. खाली पत्र्याची वाटी, तिच्यावर छापलेली चकती, चकतीवर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. दांडा दाबला की कड आत वळते. पुन्हा दाबला की पाठ आणि पिन बसते. मी चकत्या लावून देते, तुम्ही दांडा ओढता. मला मजा येते आहे, आणि मजेत मी म्हणते, बाबा, आपण इथं कडेवर तुमचं नाव छापू या ना. तुमचा हात थांबतो. तुम्ही कधी आवाज चढवत नसा, पण तेव्हा चढवलात. "माणूस आपल्या हौसेनं छातीवर काहीतरी लावतो. तिथं आपलं नाव कशाला टोचायचं गो? लाज वाटायला हवी." मी दुपारभर तुमच्याशी बोलले नाही. संध्याकाळी तुम्ही लिमलेटच्या गोळ्या घेऊन दिल्यात, पण शब्द मागे घेतला नाहीत.

आणि नावाची एवढी लाज असलेला हा माणूस फिरत कसा असे? जिला घरातून बाहेर पडायची चोरी झाली होती त्या मुलीला विचारा. तुमचा नियम होता की नव्या ऑर्डरचा पहिला बिल्ला गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तुम्ही स्वतः एक दिवस अंगावर लावायचा. सकाळी आंघोळ झाल्यापासून रात्री झोपेपर्यंत. "लावल्याशिवाय कळत नाही," हे तुमचं ठरलेलं वाक्य. घामाने पापुद्रा सुटतो का, खोकी उचलताना पिन उघडते का, आणि बिल्ला मान टाकतो का. पिन पाठीच्या मधोमध बसवली की बिल्ला पुढे कलतो आणि त्यावरचं लिहिलेलं जमिनीला दिसतं, म्हणून पिन जरा वर हवी, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. सगळं मान्य. पण बिल्ल्यावर काय लिहिलं आहे याचं तुम्हाला कधी काही वाटलंच नाही. माझ्या शाळेच्या पालकसभेला तुम्ही 'आय ॲम फाइव्ह टुडे' असा लाल फुग्यांचा बिल्ला लावून आलात. मिशा, टाय, आणि फुगे. वर्गाच्या बाईंनी अगदी शांतपणे "हॅपी बर्थडे" म्हटलं, तुम्ही हसून थँक्यू म्हणालात आणि माझं गणित कच्चं का आहे याची चौकशी करायला बसलात. आठवीपर्यंत मुली मला त्यावरून पिडत होत्या.

आईचं दुखणं वेगळं. तिच्या म्हणण्याप्रमाणे लग्नानंतर तुमचा एकही शर्ट धड राहिला नाही. डाव्या खिशाच्या वर भोकंच भोकं, ती रफू करून थकायची. तरी तिने तोंड उघडलं ते एकदाच. तुम्ही जेवायला बसला आहात, सुरमईचं कालवण वाढून झालं आहे, डॉकवरच्या कामगारांसाठी केलेला सुरक्षा सप्ताहाचा पिवळा बिल्ला शर्टावर आहे. तुम्ही वाकून पहिला घास घेता आणि बिल्ला डुबुककन कालवणात. आई म्हणाली, "आता तरी काढा तो मेला." आणि तुमचा चेहरा उजळला! "बघितलंस? वाकलं की उघडते!" ताटावरून उठलात, बिल्ला नळाखाली धुतलात, पिनेचा आकडा डोळ्यांजवळ धरून तपासलात. तयार झालेला सगळा माल तुम्ही परत सोडवलात आणि नव्या पिना बसवल्यात. गिऱ्हाइकाला पत्ताही नव्हता. आई थंड झालेल्या कालवणाकडे बघत बसली, आणि मला तिची दया आली. अजून येते.

तर पुरावा. बुधवार संध्याकाळपर्यंत माझ्याकडे काही नव्हतं. प्रेस भंगारात गेला, खोलीच्या जागी आता दुसरंच गोदाम आहे, तुमची गिऱ्हाइकं एकतर देश सोडून गेली किंवा जग सोडून. आईला गावी फोन लावला. ती म्हणाली, "ह्यांनी कधी कशावर नाव घातलं असेल तर ना! लग्नाच्या पत्रिकेवर घातलं तेवढंच." मी फोन ठेवला आणि तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. मग रागाच्या भरात जुने अल्बम खाली काढले. पुराव्यासाठी नाही, तुमचा चेहरा समोर घेऊन भांडायला. माझा मुलगा, म्हणजे तुम्ही न पाहिलेला नातू, शेजारी येऊन बसला. मराठी त्याला सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "आई, व्हाय इज ही ऑल्वेज वेअरिंग समथिंग?" मी म्हटलं, अरे तीच तर रड आहे. एक फोटो दाखव ज्यात माझे बाबा माणसासारखे दिसतात. माझ्या वाढदिवसाला हॉटेलाचा बिल्ला, दिवाळीत शाळेच्या क्रीडादिनाचा, मावशी आली तेव्हा विमानतळावर बँकेचा. आमचा एक फोटो तुम्ही सरळ ठेवला नाहीत. तो बघत राहिला, आणि मग त्याने फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे कॅमेऱ्याने छापलेली केशरी तारीख होती. "बट द होटेल ओपन्ड आफ्टर धिस," तो म्हणाला. मी डोळे बारीक करून बघितलं. बिल्ल्यावर उद्घाटनाचा दिवस छापलेला, आणि फोटो त्याच्या आधीचा.

मग आम्ही दोघं फरशीवरच बसलो. बँकेची शाखा उघडायच्या आधी तुमच्या शर्टावर तिचा बिल्ला. शाळेचा क्रीडादिन व्हायच्या आधी. राष्ट्रीय दिनाच्या आधी. जिथे फोटोवर आणि बिल्ल्यावर दोन्हीकडे तारीख होती, तिथे प्रत्येक वेळी तुम्ही पुढे. गुरुवारी सकाळी मी ते फोटो बाईंच्या टेबलावर मांडले आणि म्हटलं, तुम्हीच सांगा, एक माणूस या सगळ्यांच्या समारंभाला त्यांच्या आधी कसा पोचेल? बाईंनी मोजे काढले. एक फोटो उचलला, ठेवला, दुसरा उचलला. मग हसायला लागल्या. "मफी मुश्किल, काही अडचण नाही," म्हणाल्या. "हा माणूस सॅम्पल लावून फिरत होता." मी म्हटलं, हो, आयुष्यभर. त्यांनी पाटीचा कागद पुढे ओढला, 'अज्ञात' खोडलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी तुमचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि खाली 'मीना सलमान'. आता तिथे वर बसून कुरकुरू नका. कोणाच्या छातीवर टोचलेलं नाही, भिंतीवर आहे, आणि अक्षरं लहानच आहेत. बाईंनी विचारलं होतं मोठी हवीत का, मीच नको म्हटलं.

हे फोटो चाळताना एक गोष्ट डोक्यात बसली, तीही सांगते, नाहीतर भांडण एकतर्फी होईल. माझ्या दहाव्या वाढदिवसाला तुम्ही माझ्या नावाचा बिल्ला केला होता, मोराच्या रंगाचा. मैत्रिणींसमोर मी तो लावला तेव्हा पिनेपाशी काळसर डाग दिसला आणि मी रडून घर डोक्यावर घेतलं, नवा का नाही म्हणून. तुम्ही तो आदल्या दिवशी लावून डॉकवर काम केलं होतंत ना. त्या दिवसाचा फोटोही सापडला. एका जहाजापुढे तुम्ही उभे, हात काळे, शर्टावर माझं नाव. तुमच्याबरोबरचे लोक दिवसभर तुम्हाला माझ्या नावाने हाका मारत होते म्हणे, असं आई आता फोनवर सांगते. इतकी वर्षं ही गोष्ट तिने पोटात ठेवली. तुम्ही दोघंही सारखेच.

प्रदर्शन उद्या उघडतं आहे. आलेल्या पाहुण्यांना द्यायला त्यांनीही बिल्ले केले आहेत, कुठूनतरी बाहेरून मागवलेले, चकचकीत. बाईंनी मला एक आधीच दिला. तुमचे सगळे बिल्ले आता त्यांच्याकडे आहेत, डबा रिकामा पडला आहे, हे पत्र त्यातच ठेवणार. तुमच्या बिल्ल्यांशिवाय त्यात दुसरं काय ठेवावं हे मला सुचत नाही. आणि आता तुम्ही हसणार आहात, पण लिहून टाकते. आज सकाळी आंघोळ झाल्यावर मी तो नवा बिल्ला साडीच्या पदरावर लावला आणि तशीच ऑफिसला गेले. हिशेबाच्या मीटिंगमध्ये लावून बसले, जेवताना मुद्दाम ताटावर वाकून बघितलं, दिवस मावळेपर्यंत काढला नाही. शेजारच्या टेबलावरच्या पोराने विचारलं, मॅडम, यह तो कल है ना? मी त्याला म्हटलं, सॅम्पल है. पिन मधोमध बसवली आहे, बाबा. बिल्ला दिवसभर मान टाकून होता. तुम्ही सगळा माल परत पाठवला असतात. पदराला दोन भोकं पडली आहेत आणि ती मी रफू करणार नाही.