दोरीवरचा केशरी परकर

शनिवार, लक्ष्मीबाई नगर

आज म्युझियममध्ये सईच्या रंगीत फोटोंच्या प्रदर्शनाचं उद्घाटन झालं. लेकीचं कौतुक म्हणून ठेवणीतली साडी नेसून गेले, आणि समोर भिंतीवर काय, तर माझा केशरी परकर! आमच्या बाल्कनीतल्या दोरीवरचा. चांगला पुरुषभर उंच.

आयुष्यभर मी परकर टॉवेलखाली वाळत घातला. आईने तसंच शिकवलं होतं. त्या दिवशी वाऱ्याने टॉवेल उडाला असणार आणि या कार्टीने नेमका तेव्हाच फोटो काढला. मला विचारायचं तरी!

"आई, तुझा आहे हे कुणाला कळणार नाही गं," ती कानात म्हणाली. तोंड एवढंसं झालं होतं.

रागावणारच होते. पण उन्हात तो रंग असा पेटतो, हे मला तरी कुठे माहीत होतं? सदा टॉवेलखाली.

शेजारी उभी असलेली एक बाई फोटोकडे बघत म्हणाली, "क्या रंग है!" मला काय झालं कोण जाणे, मी म्हणाले, "मेरा है जी. पेटीकोट."

सई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

घरी आल्यावर तोच परकर धुऊन दोरीवर टाकला. वर घालायला टॉवेल घेतला होता, तो घडी करून आत ठेवला.