सम्राटाच्या ओठांवरचा डाग

३ मार्च

आज रुजू झाले. संग्रहालयाच्या तळमजल्यावर माझी स्वतःची खोली, मोठी खिडकी, नवंकोरं भिंग, आणि टेबल इतकं लांब की ताई म्हणेल, यावरच संसार मांड. जुने कागद दुरुस्त करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून साहेब फार अदबीने बोलले. कपाटं दप्तरी काकांनी दाखवली. एका शब्दात भागत असेल तर काका अर्धाच वापरतात.

पहिलंच काम मानाचं. एका जगप्रसिद्ध सम्राटाने प्राण सोडल्यावर चेहऱ्यावर प्लॅस्टर थापून त्याचा मुखवटा घेतला होता. त्या मुखवट्याचं हे चित्र, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. मिटलेले डोळे, बसलेले गाल, केसाहून बारीक रेषा. फक्त ओठांवर एक तेलकट डाग आहे. दोन दिवसांत निघेल.

५ मार्च

डाग ओला करून वर टीपकागद दाबला. उचलला तर पिवळट, चिकट, आणि आठवडाभर बंद राहिलेल्या जेवणाच्या डब्यासारखा वास. माझा डबा तसाच घरी नेला. निघताना पाहिलं तर डाग पुन्हा होता तिथेच.

काकांना विचारलं, हा डाग परत कसा येतो? म्हणाले, तुमच्या आधीच्या बाईंचाही हाच प्रश्न.

८ मार्च

भिंगातून पाहताना डाव्या भुवईची एक रेष कागदापासून सुटलेली दिसली. धागा समजून चिमट्याने ओढली. केस होता. टोकाला पांढरं मूळ, ओलं.

तीनदा साबण लावला, तरी त्या हाताने घास तोंडात घालवेना.

११ मार्च

ताई घरी आली होती. माझ्याकडे बघतच राहिली. विचारलं, डावी भुवई कुठे घालवलीस? आरशात पाहिलं. नुसती गुळगुळीत कातडी. मी तर एकच केस ओढला होता.

साहेबांना सांगितलं, हे काम माझ्याच्याने होणार नाही. चित्राकडे पाठ करूनच ते म्हणाले, प्रदर्शन तोंडावर आलंय, अर्धवट सोडू नका.

१३ मार्च

काका आज पूर्ण वाक्यं बोलले. आधीच्या बाई घरीच असतात. त्यांचा चेहरा हलत नाही. भाऊ नळीने दूध भरवतो. त्यांनीही ओठच पुसले होते.

चित्र पेटीत घालून परत करायचं ठरवलं. उचलताना अंगठा त्याच्या ओठांना लागला. कागद मऊ होता. कोमट. मग काहीतरी खरखरीत, ओलं अंगठ्यावरून फिरलं — चाटल्यासारखं.

चित्र टेबलावरच टाकलं. बेसिनमध्ये ओकले.

१४ मार्च

घरीच. तोंडात चुन्याची चव. गाल ताठ. चूळ भरली तर पांढरा गाळ पडला, त्यात माझे — पापण्यांचे केस.

१५ मार्च

जबडा उघडत नाही. चित्र पेटीत बंद करायला कशीबशी इथे संग्रहालयात आले. त्याचे गाल भरलेत. हात लावायची शिसारी येते — जमत नाही —

ताई मागोमाग आली. डॉक्टरकडे न्यायला. बोलता येत नाही, म्हणून वहीत लिहून तिला दाखवतेय. ती वहीकडे बघत नाही. चित्राकडे बघतेय. जन्मभर रुग्णांची सेवा केलेली बाई. म्हणतेय, अगं, याच्या तोंडातून लाळ गळतेय. रुमाल काढला —

ताई, नको, हात लावू नको, ओठ पुसू